कानामागचं मीठ

आमच्या गावात पन्नाशी ओलांडलेला पाणबुड्या सरळ चालताना दिसला, तर लोक त्याला विचारतात, पाहुणे कुठले? कारण आमच्याकडचे जुने पाणबुडे तिरके चालतात. कुणाचा गुडघा बाहेर, कुणाचा खुबा आत, कुणाचा एक पाय मेहुण्यासारखा, दहा वेळा बोलावल्यावर सावकाश मागून येणारा. आम्ही त्यांना खेकडे म्हणतो. त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. खेकडा हा तसा मानाचा प्राणी आहे, निदान लोक तो आवडीने खातात तरी. ज्या जिन्नसासाठी ही माणसं पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जातात, ती समुद्रकाकडी, म्हणजे तळाशी पडून असणारा काकडीएवढा लिबलिबीत जीव, आमच्या अख्ख्या पेंबा बेटावर कोणी तोंडात घालत नाही. ती उकडून, वाळवून दूर देशी जाते. तिथले लोक ती का खातात ते आम्हाला ठाऊक नाही. त्यांचंही काही दुखत असेल.

तेव्हा आमच्यातला मकामे नावाचा पाणबुड्या शहरातल्या इस्पितळातून परत आला आणि धक्क्यावरून सरळ चालत घरी गेला, तिथेच ओट्यावर बसलेल्या आम्हा मंडळींना पहिला संशय आला.

मकामेला काय झालं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं माहीत होतं. त्यातल्या त्यात खरं ते असं. मकामे हा फाकी नाखव्याचा सगळ्यात चांगला पाणबुड्या. त्या दिवशी एक टाकी संपवून तो वर आला, आणि खाली काकड्यांचं शेतच्या शेत पसरलंय म्हणून विसावा न घेता दुसरी टाकी पाठीवर चढवून पुन्हा गेला. खालीच हवा संपली. मग तो जसा वर आला तसं कोणी वर येऊ नये. होडीत बसून तो हसला, उकडलेला कसाव्याचा कंद खाल्ला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की खांद्यात कोणीतरी स्क्रू पिळतंय. संध्याकाळपर्यंत पाय परक्याचे झाले. फाकीच्या आईने लवंगेचं तेल चोळलं. मौलवींनी पाणी फुंकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला लघवीही होईना, तेव्हा गादीवर घालून शहरात नेला. तिथे त्याला एका लोखंडी नळकांड्यात घालून, तोंडाला मुखवटा लावून, दार बंद करून ठेवलं. असं बऱ्याचदा केल्यावर पाय परत आले.

तो ओट्यावर येऊन हे सगळं सांगायचा, पण सांगताना त्याचा चेहरा फसवलेल्या गिऱ्हाइकासारखा असायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की सोड्याची बाटली झटकन उघडली की जसे बुडबुडे येतात, तसे तुझ्या रक्तात आले. मकामेला ही उपमा लागली होती. आणि औषध म्हणून दिलं काय, तर हवा. "हवाच जास्त झाली म्हणून मी तिथे गेलो होतो," तो म्हणायचा, "आणि त्यांनी मला आणखी हवा दिली. सुई नाही, गोळी नाही. माझा तर संशय आहे की खरं औषध त्यांनी दुसऱ्याला दिलं."

डॉक्टरीणबाईंचं नाव किमारो, मुख्य भूमीवरच्या. वयाने लहान पण नवऱ्यांची जात ओळखून होत्या. म्हणून जे सांगायचं ते त्यांनी मकामेला एकदा आणि त्याच्या बायकोला, मिझेला, पुन्हा वेगळं बाजूला घेऊन सांगितलं. पाण्यात उतरायचं नाही. दुखणं परत आलं तर घरी बसायचं नाही, त्याच दिवशी बोट धरून इथे यायचं. पहिल्या वेळी पाय परत आले हे नशीब. दुसऱ्यांदा गेले तर परत येतील असं मी सांगणार नाही.

मिझेने हे कलम्यासारखं पाठ केलं. गावात आल्या आल्या तिने मकामेला मशिदीत नेऊन मौलवींसमोर बसवलं आणि त्याच्याकडून शपथ घेतली, की समुद्रकाकडीसाठी मी पुन्हा पाण्यात उतरणार नाही. फाकी नाखव्यानेही भर ओट्यावर जाहीर केलं की मकामेला माझ्या होडीत जागा नाही, मला विधवेचे शाप नकोत. झालं. समुद्राचा प्रश्न मिटला असं सगळ्यांनी धरलं. पुढचे सगळे घोटाळे या धरण्यातून झाले.

कारण दुखणं परत आलं.

एकदम नाही आलं. आधी डाव्या पावलाला मुंग्या आल्या आणि पाऊल झोपलं ते झोपलंच. मग खांदा ठणकायला लागला, दाढ ठणकते तसा. मांडीवर ताटलीएवढा एक भाग असा झाला की तिथे चिमटा काढला तर शेजाऱ्याला काढल्यासारखं वाटे. चार घरं चालला की मकामे कुणाच्या तरी पायरीवर टेकायचा. मिझे म्हणाली, बोट धरू या. तो म्हणाला, काही नाही, हवा बदलली. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तो म्हणाला, त्यांना काय, रिकामं नळकांडं भरायला माणूस हवा.

आता दुखणं म्हटलं की ते एका जागी असावं, अशी लोकांची साधी अपेक्षा असते. मोडलेला पाय रोज मोडलेला असतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. मकामेचं दुखणं मात्र सकाळी असायचं, असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजेला नसायचं, आणि रात्रीच्या नमाजेला दामदुपटीने परत यायचं. एखाद्या दुपारी तो ओट्यासमोरून असा ठणठणीत जायचा की त्याच्या आजारपणात मिझेला सूप पाठवलेल्या बायकांना आपापली भांडी आठवायची. फाकी म्हणायचा, शहरातल्या गादीची चटक लागली, दुसरं काही नाही. ओट्यावर मत पडलं की मकामे ढोंगी आहे. काहींनी त्याच्या मांडीला न सांगता चिमटे काढून पाहिले. तो ओरडला नाही, तेव्हा ढोंगी असून वर तयारीचाही आहे असं ठरलं.

आमचे शामेबाबा भूतबाधा बघतात. त्यांनी हिशेब मांडला की दुपारी भरती असली की मकामे बरा असतो, ओहोटी असली की दिवसभर कण्हतो. यावरून त्यांनी निदान केलं की समुद्रातल्या एका जिनीचं त्याच्यावर मन बसलंय, आणि पाणी चढलं की ती त्याला भेटायला येते. निदान ऐकून मकामे पांढराफटक पडला. शामेबाबांना वाटलं आपलं बरोबर आलं. ते निम्मं बरोबर होतंही. भरतीचं निरीक्षण खरं होतं. बाईचं तेवढं चुकलं.

बाईचा संशय मात्र मिझेच्या डोक्यात त्याआधीच शिरला होता, आणि त्याला जिनी लागली नव्हती. ओले केस पुरले होते.

आमच्याकडे भर दुपारची जोहरची नमाज झाली, जेवण झालं की गाव आडवं होतं. ऊन असं असतं की कुत्रीसुद्धा होड्यांच्या सावलीत घुसतात. असरची बांग झाली की सगळे डोळे चोळत मशिदीकडे येतात. अशा वेळी कोणाचे केस चिंब ओले असतील, तर आमच्या गावात त्याचा अर्थ एकच. बायकोजवळ गेलेल्या माणसाला डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय नमाज चालत नाही. शुक्रवार सोडला तर भर दुपारी आंघोळ करायला दुसरं कारण कोणाला सुचलेलं नाही. नवं लग्न झालेली पोरं या कारणासाठी टोपी कानापर्यंत ओढून येतात आणि म्हातारे मुद्दाम त्यांना टोपी काढायला लावतात. तर मकामे मंगळवारी ओल्या डोक्याने आला. गुरुवारी ओल्या डोक्याने आला. ओट्यावरच्यांनी मिझेच्या घराकडे कौतुकाने पाहिलं. मिझे त्या दोन्ही दुपारी बहिणीकडे चटई विणत बसली होती.

तिने त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, उकडत होतं. रात्री तो झोपल्यावर तिने त्याच्या कानामागे जीभ लावून पाहिली. खारट. घामाचं मीठ आणि पाण्याचं मीठ यातला फरक आमच्या बायकांना लग्नाच्या पहिल्या वर्षी कळतो. हे पाण्याचं मीठ होतं. आणि गावात खाऱ्या पाण्याची विहीर एकच, उत्तरेच्या टोकाला, झुवेनाच्या दारात.

समुद्राचं पाणीही खारट असतं, हे बेटावर राहणाऱ्या बाईला सुचू नये याचं नवल वाटेल. पण त्याने शपथ घेतली होती. आणि बायकोला नवऱ्याचा संशय यायचा म्हटला की शपथ मोडल्याचा येत नाही, दुसरीचाच येतो. तो जास्त सोयीचा असतो.

झुवेना म्हणजे नवऱ्याने सोडलेली, किंवा तिच्या म्हणण्याप्रमाणे नवऱ्याला सोडलेली बाई. दारात कढई ठेवून कसावा तळायची. हसायची मोठ्याने. एवढं भांडवल कोणत्याही गावाला पुरतं. त्यात फाकीची बहीण एक दिवस पदराखाली झाकून मकामेची चप्पल घेऊन आली. डावी, निळी, अंगठा तारेने शिवलेला. झुवेनाच्या विहिरीपाशी सापडली. मकामे त्या दिवशी एका पायात चप्पल घालून घरी आला होता आणि दुसरी कुठे गेली ते त्याला सांगता आलं नव्हतं. पायातली चप्पल गेलेली ज्याला कळत नाही, असा माणूस एकतर पळत असतो किंवा प्रेमात असतो, असं बायकांनी ठरवलं. पायाला काही कळतच नसेल, ही तिसरी शक्यता कोणाच्या डोक्यात आली नाही. वास्तविक ती त्याने आम्हाला रोज सांगितली होती.

मग कांग्यांचं युद्ध सुरू झालं. आमच्या बायका अंगाला जो कांगा गुंडाळतात त्याच्या काठावर एक ओळ छापलेली असते, आणि जे तोंडाने बोलायचं नाही ते नेसून बोलतात. मिझे बाजारात आली ती 'माझं उष्टं तुला गोड लागलं' असा कांगा नेसून, आणि झुवेनाच्या कढईपुढून नको तितक्या सावकाश गेली. पाठीवरची ओळ वाचायला वेळ मिळावा म्हणून. दुसऱ्या दिवशी झुवेनाच्या अंगावर 'माझे पाहुणे मोजू नकोस, तुझी कोंबडी मोज'. मिझेने त्यावर 'झाकलेली कढई वासाने कळते' काढला. झुवेनाने उत्तर दिलं नाही, फक्त तोच कोंबडीचा कांगा धुऊन पुन्हा नेसली. जाणकारांच्या मते हे जास्त लागलं. दुकानदाराने त्या दोन आठवड्यांत नवा माल मागवला आणि दोघींचीही मोठ्या आस्थेने विचारपूस करू लागला.

मकामे या सगळ्यात कुठे होता? तो सकाळी कण्हत होता, दुपारी नाहीसा होत होता आणि असरला ओला होऊन येत होता. आणि आता रात्री तो भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचा. मिझेला ते दिसत होतं. तिला वाटायचं, करणीचं फळ आहे. ते होतंच.

एका दुपारी गाव आडवं झाल्यावर मिझे उठली, नवऱ्याची चटई रिकामी पाहिली, आणि उत्तरेच्या टोकाला गेली. झुवेना एकटीच कढईपाशी बसली होती.

"ये," झुवेना म्हणाली, "कसावा गरम आहे."

"मी खायला नाही आले."

"मग बघायला आलीस. बघ की. खोली एकच आहे. पलंगाखालीही बघ, पण कोंबडी अंड्यावर बसलीय, तिला उठवू नकोस. मोजायची असेल तर तिथूनच मोज."

मिझेने खरोखर वाकून पाहिलं. कोंबडी होती.

"तुझा नवरा माझ्या दारावरून जातो हे खरं आहे," झुवेना म्हणाली. "जाताना फळकुटासारखा, येताना नवरदेवासारखा. पण माझ्याकडे मान वळवून बघत नाही. माझ्याकडे राहू दे, कसाव्याकडे बघत नाही. बाई गं, गावात माझी अब्रू गेली आणि गिऱ्हाईकही मिळालं नाही."

"कुठे जातो मग?"

"ते तुझ्या कांग्यावर लिहिलेलं नाही? चल."

तिने कढई उतरवली आणि दोघी तिवरांमधल्या वाटेने किनाऱ्यावर गेल्या. पाणी चढलेलं होतं. खडकांच्या रांगेपलीकडून फाकीची उलांडीची होडी येत होती, आणि डोलकाठीला टेकून मकामे बसला होता. अंग ओलं, केसांतून पाणी गळतंय, चेहऱ्यावर असं समाधान की मिझेने ते स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पायाशी झावळ्यांची चटई टाकून काहीतरी झाकलं होतं. चटईखालून टाकीचं पितळी तोंड बाहेर आलं होतं.

मिझे नंतर सांगायची की दुसरी बाई नाही म्हणून तिने पहिल्यांदा अल्लाचे आभार मानले, आणि आभार पुरे व्हायच्या आत तिला डॉक्टरीणबाई आठवल्या.

होडी उथळ पाण्यात आली. मकामेने दोघींना एकत्र पाहिलं. त्याला आधी संशय आला की आपण अजून खालीच आहोत.

"रहमाची आई," तो मिझेला लेकीच्या नावाने हाक मारून म्हणाला, "शपथ मोडलेली नाही. शपथ काकड्यांची घेतली होती. मी औषधाला जातो."

आता हे औषध म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणालाही विचारा. दुखणं ज्या खोलीवर लागलं, त्याच खोलीवर ते परत नेऊन ठेवायचं. खाली गेलं की खांद्यातला स्क्रू सैल होतो, पाय हलके होतात, माणूस बरा होतो. फाकीच्या बापाने केलं होतं, त्याच्याही बापाच्या ओळखीत एकाने केलं होतं. ज्यांना गुण आला त्यांनी वर येऊन सांगितलं. ज्यांना नाही आला त्यांचं मत आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. आणि खाली बरा झालेला माणूस वर आल्यावर संध्याकाळी जास्त का कण्हतो, तर औषध कमी पडलं म्हणून. मग दुसऱ्या दिवशी आणखी. फाकीने यासाठी टाकी दिली होती ती काही लबाडीने नव्हे. त्याचा खरोखर विश्वास होता. फक्त चटईखाली टाकीशेजारी एक पोतं होतं आणि त्यात काकड्या होत्या. औषध घेता घेता हाताला लागलेल्या.

मिझे पोत्याकडे बघत होती तोवर मकामे होडीतून उतरला. उतरताना तो नवरदेवासारखाच उतरला. दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला डावा पाय आला नाही. त्याने खाली पाहिलं, जणू कोणी धरलाय. मग उजवा गेला आणि तो घोट्याएवढ्या पाण्यात बसला.

"वाळूत रुतला," तो म्हणाला.

त्याने दोन्ही हातांनी गुडघा उचलून पाहिला आणि सोडला. गुडघा पाण्यात पडला. त्याचा आवाज झाला तेवढाच.

फाकी होडीतून म्हणाला, घाबरायचं नाही, दुसरी टाकी भरलेली आहे, आत्ताच्या आत्ता परत खाली नेतो, जरा जास्त वेळ बसवतो, गुण येईल. आणि मकामेने होडीकडे हात केला. जो माणूस बोटीत बसून डॉक्टरकडे जायला तयार नव्हता, तो होडीची कड धरून स्वतःला वर ओढू लागला.

"जाऊ दे मला, रहमाची आई," तो म्हणाला. "खाली दुखत नाही. तुला काय सांगू, खाली काहीच दुखत नाही."

मिझे नेसत्या कांग्यानिशी पाण्यात शिरली. होडीच्या कडेला पोट टेकून तिने चटई बाजूला केली, भरलेली टाकी कोणती ते वजनाने पाहिलं आणि तिच्या तोंडावरची चकती फिरवली. टाकी कशी उघडते हे आमच्या गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पंपापासून होडीपर्यंत त्या कोण वाहतं? हवा अशी सुटली की तिवरांतले बगळे उडाले. फाकी ओरडत होता, वहिनी, अहो वहिनी, भरलेली आहे ती. मिझेला ऐकू येत नव्हतं, किंवा येत होतं. टाकी रिकामी होईपर्यंत तिने चकतीवरचा हात काढला नाही. तिचा तळहात गारठून पांढरा पडला. मग आवाज बारीक होत होत थांबला.

"भावजी," ती फाकीला म्हणाली, "तुमचं औषध संपलं. आता ह्यांना आडवं घाला आणि धक्क्यावर चला. बोट सुटायची आहे."

फाकीने आडवं घातलं. झुवेनाने अंगावरचा वरचा कांगा सोडून मकामेवर पांघरला, कारण तो आता कुडकुडत होता. अशा रीतीने मकामे शहरापर्यंत गेला तो छातीवर 'तुझी कोंबडी मोज' ही ओळ घेऊन. बोटीवरच्या लोकांनी ती वाचली आणि जिचं तिने समजून घ्यावं अशा चेहऱ्याने मिझेकडे पाहिलं. मिझेने त्यांना बघू दिलं. ती वाटभर त्याच्या डाव्या पायाचा अंगठा पिळत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, कळतंय का. तो प्रत्येक वेळी हो म्हणत होता. तिने पिळणं थांबवून विचारलं तेव्हाही तो हो म्हणाला.

डॉक्टर किमारोंनी कांगा वाचला, पाय तपासले आणि विचारलं, पाण्यात उतरला होतात? मकामे म्हणाला, छे, नारळ उचलले. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मिझेकडे पाहिलं.

"डॉक्टरीणबाई," मिझे म्हणाली, "त्यांच्या कानामागे चाटून बघा."

डॉक्टरीणबाईंनी चाटलं नाही. शहरात काही तपासण्या शिकवतच नाहीत. पण त्यांना पटलं, आणि मकामेला पुन्हा नळकांड्यात घातलं. काचेच्या छोट्या खिडकीतून तो बाहेर बघायचा आणि मिझे आत बघायची. तिला आतलं काही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे त्या दिवसांत त्याने तिला काय काय सांगितलं असेल ते कोणालाच कळलं नाही, आणि तोही सांगत नाही.

तो परत आला तेव्हा धक्क्यावरून सरळ चालला नाही. उजवा पाय पुष्कळसा परत आला होता. डावं पाऊल आलं नाही. ते पुढे टाकलं की आधी चवड्यावर पडतं, मग बाकीचं येतं. हे पहिल्या वेळचं, दुसऱ्या वेळचं, की मधल्या सगळ्या दुपारच्या औषधाचं, ते डॉक्टरीणबाईंना सांगता येईना. आणखी सुधारेल का, तेही सांगता येईना. काठी दिली. ओट्यावर मंडळींनी सरकून जागा केली. आता त्याच्यावर कोणाचा संशय नव्हता. तो आमच्या खेकड्यांसारखा चालत होता.

चप्पल अजूनही सुटते आणि त्याला कळत नाही. परत आल्यावर पहिल्यांदा झुवेनाच्या दारात सुटली तेव्हा तिने ती उचलून टाचेमागे एक पट्टी शिवून दिली, मिझेच्या 'झाकलेली कढई' कांग्याच्या काठाची. तो कांगा मिझेनेच तिला आणून दिला होता. हल्ली दुपारी दोघी एकाच कढईपाशी बसलेल्या दिसतात आणि आम्ही दिसलो की बोलणं थांबवतात. यामागे काय असावं याबद्दल ओट्यावर दोन मतं आहेत. शामेबाबांनी निदान बदललेलं नाही. ते म्हणतात जिनीला मिझेने हाकललं. हवेचा आवाज त्यांनी घरातून ऐकला होता, तो तिचाच. फाकी हल्ली बसल्या बसल्या स्वतःचा खांदा चोळतो आणि कोणी पाहिलं की डास मारल्यासारखं करतो. मिझेने ते दोनदा पाहिलंय. तिने त्याच्या बायकोला बोटीच्या वेळा सांगून ठेवल्या आहेत.

मकामे दुपारी ओट्यावर बसतो. भरती असली की त्याचं बोलणं कमी होतं. खडकांच्या रांगेकडे बघत तो हाताने मांडीवरचा तो ताटलीएवढा भाग चोळत राहतो. असरची बांग झाली की मिझे घरातून येते, भर रस्त्यात, सगळ्या मंडळींसमोर, त्याचं डोकं धरून कानामागे जीभ लावते, आणि परत जाते. पहिले काही दिवस आम्ही माना वळवल्या. नंतर सवय झाली. कोणी औषध घेतो, कोणी तपासणी.

गेल्या आठवड्यात, शुक्रवार नसताना, मकामे ओल्या केसांनी आला.

ओट्यावरच्या सगळ्यांनी आधी समुद्राकडे पाहिलं. भरती होती. फाकीकडे पाहिलं. तो जागेवर होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून कधी काही कळलेलं नाही. चप्पल पाहिली. दोन्ही होत्या. बांग झाली. आम्ही मिझेच्या दाराकडे बघत बसलो. दार उघडं होतं, आत भांड्यांचा आवाज येत होता. ती आली नाही.

शेवटी शामेबाबांना राहवेना. ते उठले आणि दारापर्यंत जाऊन त्यांनी हाक मारली, की सूनबाई, आज तपासणी राहिली.

"राहिली नाही," मिझे आतून म्हणाली. "झाली. पाणी गोडं आहे."

शामेबाबा परत येऊन बसले. मकामेने टोपी कानापर्यंत ओढली.